नाशकात छोटे हॉटेल सुरू करताय? आधी पाण्याचा हिशेब मांडा

सिंहस्थ जवळ आला की नाशकात हॉटेलांचे पेव फुटते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जागी लॉज उभे राहतात, त्र्यंबक रस्त्यावर शेतातल्या बंगल्यांचे होमस्टे होतात, मिसळीच्या गाळ्यांना नव्या पाट्या लागतात. २०१५ ला हे पाहिले होते, आता २०२७ च्या तोंडावर पुन्हा तेच सुरू आहे. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना मनापासून वाटते की आपल्या हॉटेलाचा गोदावरीला त्रास होऊ नये. ते येऊन विचारतात, "भाऊ, सोलर किती लिटरचा बसवू?" प्रश्न चांगला आहे, पण सोलर ही बरीच पुढची पायरी आहे. पहिली पायरी दीडदोन हजार रुपयांत होते आणि तिच्यावाचून पुढची सगळी यंत्रे अर्धीच कामाला येतात.

पंचवटीत आमचा १४ खोल्यांचा लॉज आहे, खाली जेवणाचे आणि नाश्त्याचे हॉटेल. आपल्याकडे मुक्कामाच्या जागेलाही हॉटेल म्हणतात आणि मिसळीच्या गाळ्यालाही, म्हणून दोघांना उपयोगी पडेल असे लिहितो आहे. ज्या क्रमाने आम्ही चुकत-शिकत गेलो तो क्रम मी थोडा बदलला आहे, कारण तो चुकीचा होता. आम्ही आधी यंत्रे घेतली आणि मोजायला नंतर शिकलो.

पहिली पायरी : महिनाभर फक्त मोजा

गच्चीवरच्या टाकीतून खाली जी मुख्य लाइन येते तिच्यावर पाण्याचा एक साधा मीटर बसवून घ्या. स्वयंपाकघराची लाइन वेगळी असेल तर तिला दुसरा. रोज सकाळी एकाच वेळी आकडा वहीत लिहायचा आणि शेजारी आदल्या रात्री किती माणसे मुक्कामाला होती ते लिहायचे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत साध्या हॉटेलांसाठी पलंगामागे रोज १८० लिटर पाणी धरतात. आमचा आकडा पहिल्या महिन्यात २६० च्या घरात गेला. यात्रेकरू पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन आंघोळ करून येतात, मग एवढे पाणी जाते कुठे, हे कळेना.

ते रात्री कळले. मुक्कामी लोक झोपल्यावर १ वाजता मीटर वाचला आणि पहाटे ४ वाजता पुन्हा वाचला. तीन तासांत कोणी नळ उघडलेला नसताना आकडा ३०० लिटरहून जास्त पुढे सरकला होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येक संडासाच्या फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालायच्या निळीचे चार थेंब टाकले आणि फ्लश न करता वीस मिनिटे थांबलो. तीन खोल्यांत भांड्यातले पाणी निळे झाले. टाकीच्या तळाचे रबर झिजले होते, त्यातून रात्रंदिवस बारीक धार वाहत होती. आवाज नाही, ओल नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रबर बदलायला तासभरही लागला नाही. नवीन बांधकाम असले तरी ही चाचणी करा. नव्या फिटिंगमध्ये सिमेंटचा आणि पाइप कापतानाचा कचरा अडकून रबर नीट बसत नाही, असे अनेकदा होते.

गच्चीच्या टाकीचा बॉलकॉकही बघून घ्या. टाकी ओसंडून पाणी पन्हाळीतून खाली जाते आणि पावसाळ्यात ते कोणाला वेगळे ओळखूही येत नाही.

विजेचे तसेच करायचे. एकाच बिलावरून काही समजत नाही. वायरमनकडून गिझर, एसी आणि स्वयंपाकघर या तिघांना वेगळे सबमीटर लावून घ्या. कचऱ्यासाठी लटकवायचा वजनकाटा पुरतो. ओला, सुका आणि ताटातले उष्टे, असे तीन आकडे आठवडाभर लिहा. उष्टे वेगळे का मोजायचे, ते पुढे येईल.

दुसरी पायरी : नळ

एक मिनिट नळ पूर्ण उघडा आणि बादलीत किती लिटर आले ते बघा. गच्चीची टाकी उंच असली की खालच्या मजल्यावर मिनिटाला १२ ते १५ लिटर सहज पडतात. हात धुवायला इतक्या पाण्याची गरज नसते. नळाच्या तोंडाला बसणारी हवा मिसळणारी जाळी घेतली की तेच काम ४-५ लिटरमध्ये होते. जाळीचे तोंड दर दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बोअरचे पाणी असेल तर क्षार बसून धार तिरकी होते, मग खोल्या आवरणाऱ्या मावशी वैतागून जाळीच काढून टाकतात.

फ्लश दोन बटणांचा घ्या, एक ३ लिटरचे आणि एक ६ लिटरचे. शॉवर लावा, पण बादली आणि मगा काढू नका. त्र्यंबकला नारायण नागबळीच्या विधीला आलेली माणसे तीन दिवस राहतात, कपडे भिजवतात, बादलीनेच आंघोळ करतात. १८ लिटरच्या बादलीत ज्याची आंघोळ होते त्याला मिनिटाला १० लिटरच्या शॉवरखाली उभे करण्यात काही शहाणपण नाही.

तिसरी पायरी : पिण्याच्या पाण्याची बाटली

प्रत्येक खोलीत रोज दोन बाटल्या ठेवल्या तर १४ खोल्यांच्या वर्षाकाठी दहा हजारांवर बाटल्या होतात. हे टाळायला जिन्याजवळ फिल्टर आणि खोलीत काचेची बाटली किंवा तांब्याचा जग एवढे पुरते. लोक साशंक असतात, म्हणून फिल्टर त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा, कोपऱ्यात नको. शेवटची सर्व्हिस कधी झाली त्याची तारीख वर चिकटवा.

फिल्टर घेताना एक काळजी घ्या. विक्रेता आरओच गळ्यात मारायला बघतो. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर फेकतो. आधी शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, आणून पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह धरला आहे. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी त्याच्या बरेच खाली असते, त्याला यूव्ही आणि बारीक गाळणी पुरते. बोअरचे पाणी वेगळे, त्याची प्रयोगशाळेतून तपासणी करून मग ठरवा. आरओ लागलाच तर त्याचे फेकलेले पाणी पिंपात घ्या, फरशी पुसायला चालते.

चौथी पायरी : तर्री कुठे जाते?

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नाशिकच्या हॉटेलाचे खरे दुखणे मोरीत आहे.

मिसळीची थाळी परत येते तेव्हा वाटीत तळाशी रस्सा उरलेला असतो आणि त्याच्यावर बोटभर लाल तर्री. भांडी घासणाऱ्या ताई ती वाटी मोरीत उपडी करतात आणि वर गरम पाणी सोडतात. गरम पाण्याने तेल पातळ होऊन पुढे जाते, दहा-पंधरा फुटांवर गार होते आणि पाइपाला आतून चिकटते. त्याच्यावर भाताची शिते, फरसाणचा चुरा, चहाची पूड बसत जाते. सहा महिन्यांत पाइप अर्धा होतो. आमचा पहिल्या वर्षी ऐन श्रावणी सोमवारी तुंबला होता. उघडला तेव्हा आतून निघालेला थर साबणाच्या वडीसारखा घट्ट होता, सुरीने कापावा लागला.

पाइप तुंबणे हे आपले नुकसान. त्याहून मोठे नुकसान पुढे होते. तुमची मोरी नेमकी कशाला जोडली आहे, हे आजच तपासा. शहरात दोन वेगवेगळ्या वाहिन्या असतात. मलवाहिका तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा मलजलशुद्धीकरण केंद्रांकडे जाते. पावसाळी गटार मात्र थेट नाल्यात, वाघाडीत, नासर्डीत आणि तिथून गंगेत उतरते. जुन्या गावठाणात कोणीतरी कधीतरी जवळ पडली म्हणून मोरी पावसाळी गटाराला जोडलेली असते आणि जागा घेणाऱ्याला ते माहीतही नसते. तपासायला पुन्हा तीच नीळ. मोरीत बादलीभर निळे पाणी ओता, बाहेरची दोन्ही चेंबरची झाकणे उघडून एकेक माणूस उभा करा आणि निळे पाणी कुठे येते ते बघा. पावसाळी चेंबरमध्ये आले तर जोडणी बदलून घेईपर्यंत स्वयंपाकघर सुरू करू नका. मी हे कळकळीने सांगतो. रामकुंडावर ज्या पाण्यात लोक अस्थी विसर्जित करतात, तीर्थ म्हणून तोंडात घेतात, त्याच प्रवाहात आपली तर्री जाऊन मिसळते. गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागली. कारखाने आणि नाल्यांची चर्चा झाली, व्हायलाच हवी. त्या नाल्यांत आपल्या मोऱ्याही आहेत.

जोडणी बरोबर झाली की ग्रीस ट्रॅप बसवा. स्टीलचा तयार मिळतो, नाहीतर गवंडी विटांचाही बांधून देतो. आत दोन किंवा तीन कप्पे असतात. मोरीचे पाणी पहिल्या कप्प्यात येऊन संथ होते, जड कचरा तळाला बसतो, तेल वर तरंगते. बाहेर जाणारा पाइप कप्प्याच्या मधल्या-खालच्या पातळीतून पाणी ओढतो, म्हणून तेल आतच अडकते. पाणी आत किमान वीस मिनिटे तरी रेंगाळायला हवे. गर्दीच्या वेळी मोरीतून मिनिटाला १० लिटर जात असतील तर २०० लिटरचा ट्रॅप लागेल. विक्रेते ४०-५० लिटरचा डबा दाखवतात, तो चहाच्या टपरीपुरता ठीक. वरचा थर आठवड्यातून दोनदा डावाने काढायचा, लाकडाच्या भुशात मिसळायचा आणि वेगळ्या पिशवीत ठेवायचा. खड्डा खत करणार असाल तर हा थर त्यात टाकू नका, हवा कोंडून खत वास मारते.

ट्रॅपपेक्षाही मोठे काम एका रबरी पट्टीने होते. ताट मोरीत जाण्याआधी पट्टीने पुसून सगळे बादलीत काढायचे आणि मग घासायला द्यायचे. आम्ही मोरीच्या आधी एक कडाप्प्याचा कट्टा करून त्यावर बादली ठेवली. जागा बदलली तशी सवय आपोआप लागली. आधी नुसते सांगून काही होत नव्हते, कारण कट्टाच नव्हता, ताईंनी ताट ठेवायचे कुठे?

तळणीच्या तेलाचा नियम सोपा आहे. तेलातील ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने हे वाढतात) २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून बंधनकारक केले आहे. मोजायचे छोटे यंत्र मिळते. ते नसेल तर फेस बसत नाही, रंग काळपट झाला, धूर लवकर येतो, या खुणा आचाऱ्याला ठाऊक असतात. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागत असेल तर नोंदवही ठेवावी लागते. जुने तेल कॅनमध्ये साठवून बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संकलकालाच द्या. दारावर येऊन दोन पैसे जास्त देणाऱ्याला देऊ नका. ते तेल कुठल्यातरी गाड्यावरच्या कढईत जाते.

पाचवी पायरी : उष्टे, ओला कचरा आणि खत

आठवडाभराचे वजन समोर आले की आधी खताचा विचार करू नका, आधी ताटाकडे बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाया जात होते पाव आणि भात. थाळीत भात आधीच वाढलेला असायचा, आता विचारून वाढतो. मिसळीबरोबर दोनच पाव देतो आणि तिसरा मागितला तर त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पाव टाकणे त्याने जवळजवळ थांबले. खताचा खड्डा निम्म्या आकाराचा पुरला, तो यामुळे.

उरलेल्या ओल्या कचऱ्यासाठी आम्ही सुरुवातीला फसलो. एका विक्रेत्याने "२४ तासांत खत" म्हणून विजेवरचे यंत्र दिले. ते कचरा तापवून वाळवत होते, बाकी काही नाही. बाहेर पडलेली तपकिरी भुकटी कुंडीत घातली, पाणी पडल्यावर ती फुगून पुन्हा वास मारू लागली, शेजाऱ्यांनी तक्रार केली. वीज गेली ती वेगळी. खत व्हायला जिवाणूंना दिवस लागतात, ४५ ते ६० तरी. कोणी तासांची भाषा केली तर पावती करण्याआधी त्या भुकटीवर पाणी शिंपडून दोन दिवस ठेवून बघा.

साधी पद्धत अशी. जाळीचे किंवा भोके पाडलेले तीन पिंप. तळाला नारळाच्या शेंड्या. ओला कचरा एक थर, त्याच्यावर कोरडा पाला तेवढाच किंवा थोडा जास्त. सुरुवातीला आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडायचा. तीन दिवसांनी एकदा वरखाली करायचे. ओलावा तपासायला मूठभर उचलून दाबा. बोटांच्या फटीत एकदोन थेंब दिसले तर बरोबर, धार लागली तर पाला घाला, मूठ उघडल्यावर भुरभुर सांडले तर पाणी शिंपडा. वास येतो तो बहुतेक वेळा पाला कमी पडल्याने. शहरात पाला आणायचा कुठून, असे विचारतात. नाशिक जिल्ह्यात याची ददात नाही. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी झाली की द्राक्षबागांच्या बांधावर काड्यांचे ढीग लागतात, बरेच शेतकरी पेटवून देतात. चिरून घेतल्या तर त्या वर्षभर पुरतात. इगतपुरीकडचा भाताचा तूस, उसाचे पाचटही चालते. पोती भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात हेच पोते खत वाचवते.

बायोगॅसबद्दल फार स्वप्ने दाखवली जातात. ढोबळ हिशेब असा : २५ किलो शिजलेल्या अन्नाच्या कचऱ्यातून साधारण १ किलो एलपीजीइतका गॅस मिळतो. दिवसाला १०-१५ किलो कचरा असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ५०-१०० किलो असेल, मागे उन्हाची मोकळी जागा असेल आणि रोज भरायला एक माणूस बांधील असेल तर जरूर करावे. थंडीत गॅस कमी होतो, हेही धरून चाला. निफाडचा पारा पाचाच्या खाली जातो तेव्हा बायोगॅसचे जिवाणूही आखडतात.

घंटागाडीची सवय नाशिकला जुनी आहे, त्यामुळे वेगळा केलेला कचरा द्यायला अडचण नाही. घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हटले आहे, त्यांनी ओल्या कचऱ्याची व्यवस्था आवारातच करणे अपेक्षित आहे. लग्नाचे हॉल चालवणारे यात सहज येतात.

तीर्थक्षेत्री एक कचरा असा असतो जो इतर गावांतल्या हॉटेलवाल्यांना माहीत नाही. विधीत नेसलेली नवी धोतरे, साड्या बरेच जण परत नेत नाहीत. नदीत सोडतात किंवा खोलीत ठेवून जातात. काउंटरजवळ एक झाकणाची पेटी ठेवा आणि लोकांना सांगा की हे धुऊन वापरात आणले जाईल, हवे तर तुमच्या हाताने पेटीत ठेवा. आम्ही त्यातून पायपुसणी, फडकी, बाजाराच्या पिशव्या शिवून घेतो. निर्माल्याला वेगळी टोपली. त्यातली फुले खतात जातात, दोरा आणि प्लास्टिकची पिशवी आधी काढून घ्यायची.

प्लास्टिक

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये आणि कैद. नवख्यांची चूक दोन ठिकाणी होते. कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी प्लास्टिकचीच असते. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे उकळता रस्सा पातळ पिशवीत बांधून देणे. पार्सलसाठी आम्ही झाकणाचे स्टीलचे डबे ठेवले, अनामत घेतो, डबा आणला की परत देतो. घरून डबा आणणाऱ्याला पाच रुपये कमी. जत्रेच्या दिवसांत स्टील पुरत नाही तेव्हा पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका त्या लावतात. दोन महिने आधी सांगून ठेवा आणि घासाघीस करू नका. त्याच भागातून नागली, भगर, नागलीचे पापडही घेता येतात. नाश्त्याला नागलीची आंबील ठेवली तर मुंबईचे लोक कौतुकाने पितात.

गरम पाणी आणि वीज

आता सोलर. यात्रेकरूंच्या लॉजला माणशी २५ ते ३० लिटर गरम पाणी पुरते. आमच्या २८ पलंगांना ७५० लिटरची यंत्रणा आहे. १०० लिटरमागे वर्षाला साधारण १५०० युनिट वीज वाचते, असे सरकारी माहितीपत्रकांत धरतात. काचेच्या नळ्यांची यंत्रणा स्वस्त असते आणि थंडीत बरी चालते, पण बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार धरतात. क्षाराचे पाणी असेल तर तांब्याच्या सपाट पॅनेलची, उष्णता अदलाबदल करणाऱ्या टाकीची यंत्रणा घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबकच्या बाजूला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्यासाठी खोलीखोलीत गिझर ठेवण्यापेक्षा एकच हीट पंप जोडा, तो गिझरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या विजेत तेवढेच पाणी तापवतो.

गरम पाण्याच्या पाइपाला जाड आवरण घालाच. नाहीतर दूरच्या खोलीत पहिली अर्धी बादली गारच येते आणि लोक ती मोरीत सोडतात. आम्ही खोल्यांत "पहिले गार पाणी या बादलीत" म्हणून दुसरी छोटी बादली ठेवली आहे, मावशी त्यातूनच फरशी पुसतात.

एसी २४ अंशांवर ठेवा, एकेक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी विजेच्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. नाशिकच्या हवेत वर्षातले बरेच महिने चांगला पंखा आणि समोरासमोर खिडक्या पुरतात, बांधतानाच एवढे बघा. विजेच्या सोलर पॅनेलला किलोवॅटमागे १० चौरस मीटर बिनसावलीची गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पाणी तापवायच्या पॅनेलची जागा आधी सोडा, मग उरलेल्या गच्चीवर हे.

गावाबाहेर होमस्टे असेल तर

तिथे मलवाहिका नसते, म्हणून शौचटाकी नीट हवी. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसा. संडास चकाचक करायला तीव्र ॲसिड रोज ओतले तर टाकीतले जिवाणू मरतात आणि कच्चे मलपाणी शोषखड्ड्यात उतरते. शोषखड्डा बोअरपासून किमान १५ मीटर लांब, आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला. आपल्याकडचा काळा पाषाण भेगांचा आहे, भेगेतून पाणी लांबवर पळते. आंघोळीचे पाणी कर्दळ आणि अळूच्या वाफ्यातून काढले की बागेला देता येते.

पावसाचे पाणी सोडू नका. १०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ४८ हजार लिटर पाणी हाती लागते. पहिल्या दोन सरींचे बाहेर सोडा, मग गाळणीतून टाकीत किंवा बोअरभरणाला.

कागदपत्रे

अन्न परवाना आणि महापालिकेच्या परवानग्यांबरोबर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ती कोणत्या वर्गात ते खोल्या आणि सांडपाण्यावर ठरते. सल्लागाराकडे जाताना वरची पाण्याची वही घेऊन जा, अर्जातले निम्मे रकाने तिनेच भरतात. ग्रामीण भागातल्यांनी केंद्राच्या स्वच्छता ग्रीन लीफ मानांकनाची तयारी करावी. २०० गुणांत मैला व्यवस्थापनाला ८०, घनकचऱ्याला ८० आणि सांडपाण्याला ४० गुण आहेत. पाट्या आणि कुंड्यांना गुण नाहीत, हे मला फार आवडले.

माणसे

हे सगळे चालवणार खोल्या आवरणाऱ्या मावशी, भांडी घासणाऱ्या ताई आणि आचारी. भंगार आणि जुन्या तेलाचे पैसे आम्ही त्यांच्यात वाटतो, आणि पाण्याचा आकडा उतरला की त्यांना सांगतो. गळका नळ सर्वांत आधी मावशींना दिसतो. त्या एकदा म्हणाल्या, "तीन दिवस झाले सांगून, प्लंबर आलाच नाही, मग मी सांगायचं सोडलं." तेव्हापासून तक्रारीच्या वहीत प्लंबर आल्याची वेळ लिहितो आणि सही मावशींची घेतो.

पाहुण्यांसाठी खोलीत एकच कार्ड ठेवा, मराठी, हिंदी आणि गुजरातीत, कारण सुरत-अहमदाबादचे लोक खूप येतात. उपदेश नको, माहिती द्या. आमच्या कार्डावरचा मजकूर असा आहे, हवा तर जसाच्या तसा घ्या :

"गरम पाणी पहाटे ४ ते ९. आधी येणारे गार पाणी छोट्या बादलीत घ्यावे. पिण्याचे पाणी जिन्याजवळच्या फिल्टरवर, बाटली खोलीत आहे. टॉवेल, चादर बदलून हवी असल्यास दाराबाहेरच्या टोपलीत ठेवावी. खुंटीवर असेल तर तशीच ठेवू. पूजेची फुले आणि वस्त्रे काउंटरजवळच्या पेटीत द्यावीत. नळ गळताना दिसला तर रात्री कितीही वाजता काउंटरची घंटा वाजवावी."